ऋतुचक्राचा भूमिगत पक्ष

दुर्गा भागवत यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. महिन्यामहिन्याने निसर्ग वाचण्याची दृष्टी मराठी ललित गद्यात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने या ग्रंथाकडे जाते. मात्र या दृष्टीचे मुख्य साधन डोळा हे आहे. पालवी, मोहर, आभाळ यांवरून ती ऋतू ओळखते. मातीखालच्या ऋतूकडे ती फारशी वळत नाही. हा दोषारोप नव्हे. परंतु ही मर्यादा कोठे जाणवते हे पाहावयाचे असेल, तर सह्याद्रीच्या दाट रानापेक्षा लोणी भापकरचा माळ अधिक उपयोगी पडतो.

मल्लिकार्जुन मंदिर आणि तेथील पुष्करणी यांमुळे अभ्यासकांना परिचित असलेले हे गाव बारामती तालुक्याच्या पर्जन्यछायेत आहे. याच तालुक्यात सुपे येथे ५.१४ चौरस किलोमीटरचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. येथील वन म्हणजे खुरट्या बाभळी, हिवर, बोरी आणि मधले गवत. वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. चैत्रात ही जमीन मेल्यासारखी दिसते. दिसते, इतकेच.

या झाडागवतांच्या मुळांत राहणारी कवके, म्हणजेच आर्बस्क्युलर मायकोरायझा, छत्री कधीच उगवत नाहीत. मुळाच्या पेशीत ती इवल्या झाडासारखी फांदते, बाहेर मातीत तंतू पसरते, स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात शर्करा घेते. अशा सहजीवनाचे जीवाश्म सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. पावसानंतर नवी मुळे फुटली की त्यांत कवकाचा शिरकाव वाढतो. गवत पिकून वाळू लागले की मातीतील बीजाणूंची संख्या सामान्यतः वाढते. हा क्रम सर्वत्र सारखा नसतो, आणि सप्टेंबरवर अवलंबून असलेल्या माळावर तो आषाढापेक्षा भाद्रपदाशी अधिक बांधलेला असणे स्वाभाविक आहे. म्हणजे डोळ्याला जो ऱ्हास वाटतो, तोच मातीखाली साठवणीचा हंगाम असतो.

अलीकडील निसर्गलेखनाने मातीखाली पाहिले आहे, पण उसन्या चष्म्यातून. १९९७ साली ‘नेचर’ने सुझान सिमर्ड यांच्या संशोधनाच्या निमित्ताने ‘वुड वाइड वेब’ ही प्रतिमा रूढ केली. ते संशोधन कॅनडातील बर्च आणि डग्लस फर यांच्याविषयी होते. तेथील कवके वेगळ्या गटातली, मुळांवर आवरण धरणारी. जाळ्यातून झाडे एकमेकांना सावध करतात, माता-वृक्ष पिलांना पोसतो, अशा विधानांना प्रत्यक्ष जंगलातील पुरावा अपुरा आहे, हे २०२३ साली कार्स्ट आणि सहकाऱ्यांनी साधार दाखविले. तरीही ही आई मराठी लेखांत सुखाने नांदते. बाभळीच्या माळावर तिला आणून बसविणे म्हणजे माळ न पाहणेच होय. ‘ऋतुचक्रा’ची लेखिका जे पाहिले नाही ते पाहिल्याचा आव आणत नाही, हा संयम नव्या लेखनाला साधलेला नाही.

प्रतिमेचा हा प्रश्न केवळ साहित्यापुरता राहत नाही. ज्या जमिनीचे वर्णन करावयास आपल्यापाशी ‘ओसाड’, ‘उजाड’, ‘पडीक’ एवढीच विशेषणे आहेत, तिच्यावर वृक्षारोपणाचे खड्डे घेताना कोणाचा हात अडखळत नाही. ऑस्ट्रेलियात जॅस्पर, ॲबट आणि रॉबसन यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरड्या मातीतले कवकतंतू पुढच्या रोपाच्या मुळात शिरण्याची क्षमता टिकवून होते. माती ढवळली गेली तेथे मात्र ती क्षमता गेली. आपल्याकडे पावसाळी लागवडीचे खड्डे नेमके वैशाख-ज्येष्ठात, माती सर्वांत कोरडी असताना, आणि आता बहुधा यंत्राने खणले जातात.