मरणाचे भय आणि तांब्यांच्या दोन कविता

मनुष्य मरणाचे भय जिंकतो की नुसते झाकतो? अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ अर्नेस्ट बेकर यांचा ‘द डिनायल ऑफ डेथ’ हा ग्रंथ १९७३ साली निघाला. आपल्या नाशाची जाणीव असह्य होऊन मनुष्य कीर्ती, कर्तृत्व व पद यांच्या आडोशाला जातो, असे त्याचे प्रतिपादन आहे. पुढच्याच वर्षी बेकर वारले आणि ग्रंथाला पुलित्झर पारितोषिक मिळाले ते त्यांच्या पश्चात.

हा विचार मनाशी धरून आम्ही भा. रा. तांबे यांच्या दोन कविता पुन्हा वाचल्या. १९४१ साली निवर्तलेल्या या कवीचे आयुष्यही आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेर, मध्य भारतातील संस्थानांच्या चाकरीत गेले. त्यांची ‘जन पळभर’ ही कविता वसंत प्रभूंच्या चालीने आणि लता मंगेशकरांच्या स्वराने घरोघरी पोहोचली. बेकर ज्याला आडोसा म्हणतात, तोच ती काढून घेते. आपल्यामागे सृष्टीचा क्रम चालूच राहील, स्नेही आपापल्या कामाला लागतील, असे ती बजावते. बदलीचा हुकूम निघताच आपली खुर्ची कशी भरते हे पाहिलेल्या आम्हां नोकरदारांस ती तत्काळ पटते. परंतु तिच्या शांतीत आम्हांस एक रुसवा ऐकू येतो. जग विसरणारच, तर त्यात गुंतावे कशाला, ही युक्ती ज्याला आपली आठवण राहावी असे वाटते त्याचीच असते. येथे भय गेलेले नाही, त्याने विरक्तीचे वस्त्र पांघरले आहे.

‘नववधू’ची रीत निराळी. सासरच्या ओढीने व्याकूळ आणि तरीही बावरलेली वधू तेथे बोलते. ती भीती लपवीत नाही. ज्याची भीती वाटते त्याच्याकडेच धीर मागते. भय कबूल करून दुसऱ्याच्या हाती सोपविणे, हा उपाय आम्हांस अधिक खरा वाटतो.

याची साक्ष आम्हांस याच चेन्नईत मिळाली. उत्तर चेन्नईतील श्रमिकांच्या वस्त्यांत कोणी गेले की ‘मरण गाना’ गातात. मृताचे नाव, त्याचे गणगोत, त्याचे गुण गाण्यात गुंफले जातात; अंत्ययात्रा वाद्ये वाजवीत, नाचत, फुले उधळीत निघते. पहिल्यांदा ती वाटेत आडवी आली, तेव्हा आम्ही कपाळाला आठी घालून गाडीची काच वर केली होती. आज त्या काचेची लाज वाटते. तांब्यांनी ज्याला पळभर म्हटले, ते हळहळणे ही माणसे चारचौघांत मोठ्याने गाऊन लांबवितात आणि एकाचे भय सर्वांत वाटून घेतात.

आपल्याकडेही वारकऱ्याच्या अंत्ययात्रेत टाळ-मृदंग वाजतोच. गाव सुटले तसा तो आमच्या कानांआड झाला, आणि उरली ती एकट्याने गुणगुणायची एक सुरेल कविता. ती आम्ही टाकणार नाही. मात्र प्रसंग येईल तेव्हा ‘नववधू’ हाताशी असावी, आणि भोवती चार माणसे.