‘लाकोंब, ल्युसियँ’ आणि त्याचे टीकाकार

लुई माल यांचा ‘लाकोंब, ल्युसियँ’ हा चित्रपट १९७४ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. प्रारंभी त्याची स्तुतीच अधिक झाली. वाद पेटला तो मागाहून. कथानक १९४४ मधील, नैर्ऋत्य फ्रान्सच्या ग्रामीण भागातले. इस्पितळात फरशा पुसणारा एक शेतकरी पोर प्रतिकार-चळवळीत शिरू पाहतो. गावचा शिक्षक त्याला परत पाठवतो. पुढे एका रात्री सायकल पंक्चर होते, तो जर्मनांच्या हस्तकांच्या तावडीत सापडतो, मद्याच्या अमलाखाली त्याच शिक्षकाचे नाव सांगून टाकतो आणि त्यांच्यातलाच एक होऊन बसतो.

टीकाकारांचा रोष मुख्यतः या यदृच्छेवर होता. त्याच वर्षी ‘काहिए द्यु सिनेमा’ला दिलेल्या मुलाखतीत मिशेल फूको यांनी अशा चित्रपटांतून लोकसंघर्षाची स्मृतीच पुसली जाते असे प्रतिपादन केले, आणि त्याचा संबंध द गोलपर्वाच्या अस्ताशी जोडला. हा आक्षेप वजनदार आहे. सधन उद्योगपती घराण्यातल्या दिग्दर्शकाने देशद्रोहाचे खापर खेडुताच्या माथी फोडले, हा दुसरा आक्षेप मात्र चित्रपट नीट न पाहिल्याचा द्योतक होय. हस्तकांच्या त्या हॉटेलात सरदारपुत्र आहे, निवृत्त सायकलपटू आहे, माजी पोलीस अधिकारी आहे. खेडूत एकटा ल्युसियँच. (माल यांच्या भारतविषयक वृत्तपटमालिकेवरूनही १९७० मध्ये वादळ उठले होते, भाष्य न करता दाखवणे त्यांना नेहमीच महागात पडले.)

उलटपक्षी अमेरिकेत पॉलिन केल यांनी या चित्रपटात दुष्टाव्याच्या सामान्यपणाचे सूक्ष्म निरीक्षण पाहिले. त्यांचे मत अधिक ग्राह्य वाटते, पण तेही अपुरे आहे. ज्यू शिंप्याच्या कन्येला पकडून नेले जात असता ल्युसियँ जर्मन सैनिकाला गोळी घालतो. ती प्रेमापोटी, की सैनिकाने सोन्याचे घड्याळ हिसकावले म्हणून? माल आणि सहलेखक पात्रिक मोदियानो यांनी उत्तर दिलेले नाही. हे कृत्य प्रायश्चित्त मानणाऱ्यांना घड्याळाची अडचण होते, निव्वळ लोभ मानणाऱ्यांना त्या मुलीची. अव्यवसायी नट प्येर ब्लेझ यांचा निर्विकार चेहरा दोघांनाही साहाय्य करीत नाही.

पक्षी गोफणगुंडीने टिपणारे हे पोर अखेरीस रानात, उन्हात पहुडलेले दिसते. मग पडद्यावर अक्षरे उमटतात: १२ ऑक्टोबर १९४४ रोजी त्याला अटक झाली, प्रतिकारकांच्या लष्करी न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा दिली.