घरची गाणी, परकी वाणी

शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांच्या जुन्या ध्वनिफिती आम्ही पुन्हा ऐकल्या. १९८४ ची 'गोअन क्रेझी' त्यांनी घरातच, चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित केली आणि स्कूटरवरून विकली. घाट रॉकचा, जिव्हाळा मात्र गोव्याचा. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये गर्दच्या व्यसनावर त्यांनी निर्भीड प्रहार केला. आमची तक्रार एकच. १९८५ च्या 'ओल्ड गोअन गोल्ड'मध्ये परंपरेची गाणी आली. आजचे दुखणे मात्र मुख्यतः इंग्रजीत राहिले. मग ज्या आईचा मुलगा गर्दपायी गेला, तिला ते कसे उमगावे? जळगाव-धुळ्याच्या आमच्या तरुणांनी गिटार अवश्य हाती घ्यावी. परंतु बहिणाबाईंच्या या मुलखात अहिराणी केवळ लग्नगीतांपुरती ठेवू नये. आजचे दुःखही तिच्यातच गावे.