अभिवादनाचे दोन शब्द

अभिवादन हा वाङ्मयाचा लघुतम प्रकार मानला, तर त्याचें परीक्षणही त्याच कसोटीनें व्हावयास हवें. ज्यू तरुणांच्या दोन प्रतिस्पर्धी संघटनांचीं अभिवादनें या दृष्टीनें आम्हांस उद्बोधक वाटतात.

'हाशोमेर हात्साईर', म्हणजे 'तरुण रक्षक', ही समाजवादी संघटना १९१३ मध्यें गॅलिशियांत उदयास आली. तिचें अभिवादन 'हझाक वे-एमात्स': बळकट हो, धैर्य धर. मोशेनें आपला वारस यहोशवा यास केलेला हा उपदेश हिब्रू बायबलांतील आहे. १९२३ मध्यें रीगा येथें स्थापन झालेल्या राष्ट्रवादी 'बेतार'चे सभासद मात्र एकमेकांस 'तेल हाय' म्हणतात. पॅलेस्टाईनच्या उत्तर भागांतील या नांवाच्या वसाहतीचें रक्षण करतांना १ मार्च १९२० रोजीं योसेफ ट्रुम्पेलडोर धारातीर्थीं पडला. हिब्रूंत त्या नांवाचा अर्थ होतो 'जीवनाची टेकडी'! मरणाचें स्मरण जीवनाच्या शब्दानें करावें, हें औचित्य कोणाही कवीस हेवा वाटावा असें आहे.

पहिला शब्द उद्यांचें कर्तव्य सांगतो, दुसरा कालच्या ऋणाची आठवण देतो. मेळाव्याच्या विधींतही हाच भेद शोधावा, तर तो सांपडत नाहीं. रांगा, गणवेश, निशाण व हजेरी हीं दोहोंकडे सारखींच. एकट्यादुकट्या मुलास आपण अनेकांपैकीं एक आहोंत असें वाटावें, हा या सर्वांचा हेतु. आणि तो स्तुत्य आहे.

परंतु जो शब्द आंतल्यांस जोडतो, तोच बाहेरच्यांस तोडूं शकतो. ट्रुम्पेलडोर स्वतः समाजवादी विचारांचा होता. १९२० मध्यें निघालेल्या एका श्रमिक पथकानेंही त्याचेंच नांव धारण केलें. तरीही 'तेल हाय' ही एका पक्षाची खूण होऊन बसली. या दुराव्याची कठोर परीक्षा वॉर्सा येथें झाली. १९ एप्रिल १९४३ रोजीं तेथील कोंडलेल्या वस्तींत ज्यूंचा उठाव सुरू झाला, तेव्हां हाशोमेर हात्साईरचा मोर्देखाय अनीलेविच एका लढाऊ संघटनेचा सेनापति होता. बेतारच्या तरुणांची संघटना निराळी होती. शत्रु एक, मरण एक, पण सेनापतित्व एक होऊं शकलें नाहीं.

दोष त्या शब्दांचा नव्हे. दोन्ही शब्द सुंदर आहेत, आणि दोहोंनीं तरुणांस धीर दिला. मात्र अभिवादनाची खरी किंमत आपल्याच रांगेंत ठरत नाहीं. परक्या रांगेंतल्या माणसास तें उच्चारतां येतें कीं नाहीं, यावरच ती ठरते, असें आमचें मत आहे.