खोका उघडल्यानंतरचा दुसरा महिना

सिंथेसायझरचा डेमो व्हिडिओ हा आता एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार झाला आहे, आणि कुठल्याही मुरलेल्या वाङ्मयप्रकारासारखे त्याचेही संकेत ठरून गेले आहेत. लाकडी टेबल, बाजूला कुंडीतलं एक झाड. वरून लावलेला कॅमेरा, त्यात फक्त दोन हात दिसतात. खोका कापला जातो, आतलं मशीन बाहेर येतं, पहिलं बटण फिरतं आणि अर्ध्या मिनिटात असा काही आवाज पसरतो, की फोन हातात धरून अंथरुणात लोळणाऱ्या माणसाला वाटावं, आपल्या आयुष्यात फक्त एवढंच कमी होतं. मग फायदे, मग तोटे (हे नेहमी कमी), आणि शेवटी प्रश्न: ‘हे तुम्ही घ्यायला हवं का?’ खाली विकत घ्यायची लिंक.

मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री लॅपटॉपवर बीट बनवतो, त्यामुळे या प्रकारातलं गेल्या पाच-सहा वर्षांत पुष्कळ पाहिलंय. त्यातल्या चांगल्या व्हिडिओंबद्दल मला आदर आहे. ‘लूपॉप’सारखं चॅनेल शेवटी तोट्यांची यादी न चुकता देतं. ‘साउंड ऑन साउंड’ हे ब्रिटिश मासिक १९८५ पासून निघतंय आणि त्यातली परीक्षणं सर्किटपर्यंत खोल जातात. ही माणसं खोटं बोलतात असं मला म्हणायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे. या सगळ्या समीक्षेत मशीन आहे, समीक्षक आहे, पण ग्राहक कुठेच नाही.

उदाहरण घेऊ. कॉर्गची ‘व्होल्का’ मालिका २०१३ मध्ये आली. हातात मावणारी, तुलनेनं स्वस्त, डेमोमध्ये अतिशय गोड दिसणारी यंत्रं. ‘व्होल्का बीट्स’ हे त्यातलं ड्रम मशीन. ते घरी आल्यावर काय होतं? पहिल्यांदा कळतं, की अडॅप्टर खोक्यात नाही, तो वेगळा घ्यायचा किंवा सहा पेन्सिल सेल घालायचे. घरात गिटार पेडलचा नऊ व्होल्टचा अडॅप्टर पडलेला असतो, तो लावावा म्हटलं तर तोही चालत नाही. कारण व्होल्काला पिनच्या मध्यभागी धन टोक लागतं आणि पेडलच्या बहुतेक अडॅप्टरांना तिथं ऋण असतं. मिडी आत येतो, बाहेर जात नाही. सगळे ड्रम हेडफोनच्या एकाच जॅकमधून बाहेर पडतात. किक वेगळी आणि स्नेअर वेगळा रेकॉर्ड करायचा तर एकेक करून बसा. आणि स्नेअर असा पुचाट, की वैतागलेल्या ग्राहकांनी मशीन उघडून, बोर्डवर एक छोटा कॅपॅसिटर डकवून तो सुधारायची युक्ती शोधून काढली. ती जगभर पसरली.

माझ्या मते ‘व्होल्का बीट्स’वरची सगळ्यात चांगली समीक्षा ही सोल्डरिंग गनने लिहिलेली आहे. तिच्यात निरीक्षण आहे, मतभेद आहे, आणि ‘हे असं असायला हवं होतं’ हे नुसतं न म्हणता करून दाखवणं आहे. पण ती पहिल्या आठवड्यात लिहिता येत नाही. त्यासाठी स्वतःचे पैसे घातलेले असावे लागतात आणि त्या स्नेअरला आपण कंटाळलेलो असावं लागतं.

आमच्या धंद्यात हे सगळ्यांना ठाऊक असतं. शुक्रवारी क्लायंटला दाखवलेला डेमो नेहमीच छान चालतो, कारण तो ठरलेल्या वाटेनंच जातो. सॉफ्टवेअर खरं कसं आहे ते सहा महिन्यांनी तो कोड सांभाळणाऱ्या माणसाला विचारावं. संगीताच्या यंत्रांचं परीक्षण मात्र आपण अजून शुक्रवारच्या डेमोवरच करतो.

यात आपल्यासारख्यांचं जास्त नुकसान होतं. बर्लिनमधला मुलगा दुकानात जाऊन तासभर वाजवून बघू शकतो. मराठवाड्यातल्या एखाद्या तालुक्याच्या गावी बीट बनवणाऱ्या मुलीला ती सोय नाही. तिच्यासाठी व्हिडिओ हेच दुकान. डॉलरमधली किंमत, त्यावर शिपिंग, कस्टम ड्युटी, जीएसटी असं करत आकडा नव्यानं नोकरीला लागलेल्या माणसाच्या पगाराच्या पुढे जातो. मग आपल्याकडची खरी वितरणव्यवस्था कामाला लागते: परदेशातून सुट्टीला येणारा मावसभाऊ. माझ्या एका मित्राचं ड्रम मशीन असंच कपड्यांच्या घडीतून आलं. सहा आठवड्यांत त्याचं एक पॅड एकदा मारलं की दोनदा वाजायला लागलं. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बिल मागितलं, परदेशातलं बिल पाहिलं आणि वॉरंटी इथे लागू नाही म्हणून सांगितलं. कंपनी कुठली हे महत्त्वाचं नाही, ही अट अनेकांची असते. महत्त्वाचं हे, की त्या मशीनवर मी दहा-बारा परीक्षणं पाहिली होती आणि एकातही ‘बिघडलं तर काय’ हा प्रश्न नव्हता. फिल्टरचा आवाज कसा ‘क्रीमी’ आहे यावर मात्र चार-चार मिनिटं होती.

मग ग्राहकाचा खरा अनुभव लिहिलेला कुठे सापडतो? माझं उत्तर आहे: जुन्या वस्तूंच्या जाहिरातीत. ‘फक्त घरात वापरलेलं. खोका आणि मॅन्युअलसह. अगदी नव्यासारखं. वेळ मिळत नाही म्हणून विकत आहे.’ या चार ओळी नीट वाचा. गिटार जुनी झाली की घासलेल्या फ्रेट्सबद्दल सांगावं लागतं, पण सिंथेसायझर मात्र वारंवार ‘नव्यासारखाच’ विकायला येतो. म्हणजे डेमोनं दिलेलं वचन घरी पाळलं गेलं नाही. खोका जपून ठेवला होता, याचा अर्थ घेतानाच कुठेतरी विकायचीही तयारी होती. ‘स्टीली डॅन’च्या वॉल्टर बेकर यांनी १९९० च्या दशकात गिटारवाल्यांच्या या रोगाला थट्टेनं एक नाव दिलं, आणि पुढे ते ‘गिअर अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’ म्हणून सगळ्या यंत्रांना लागू झालं. पण त्याला रोग म्हटलं की दोष ग्राहकाच्या मनाचा ठरतो. मला त्यात दोष वाङ्मयप्रकाराचाही दिसतो. ज्या समीक्षेत फक्त पहिला आठवडा असतो, ती माणसाला पहिल्या आठवड्याचंच व्यसन लावणार.

गंमत म्हणजे, इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास नेमका जुन्या वस्तूंच्या दुकानातून गेलेला आहे. रोलँडचं टीबी-३०३ हे १९८१ मधलं यंत्र तादाओ किकुमोतो यांनी रचलं. वचन असं, की बास वाजवणारा सोबती नसलेल्या गिटारवादकाला हे साथ करेल. त्याचा आवाज बास गिटारसारखा नव्हता. स्वर आधी भरायचे आणि त्यांची लय नंतर वेगळी भरायची, अशी किचकट पद्धत. १९८४ पर्यंत उत्पादन बंद झालं आणि ही यंत्रं जुन्या बाजारात स्वस्तात जाऊ लागली. त्या वेळच्या परीक्षकानं ‘हे बास गिटारची जागा घेत नाही’ असं लिहिलं असतं तर ते अगदी बरोबर ठरलं असतं. वचनाचं ते परीक्षण बिनचूक होतं, यंत्राचं परीक्षण व्हायचंच होतं. ते शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटानं केलं. जुनं ३०३ घेऊन, पॅटर्न चालू ठेवून, बटणं पिळत त्यांनी जो किंचाळणारा आवाज काढला, त्यातून १९८७ मध्ये ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ आलं आणि अ‍ॅसिड हाउसला नाव मिळालं.

त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, मुंबईत चरणजित सिंग यांनी ३०३ आणि टीआर-८०८ जोडून चालवले आणि त्यांवर ज्युपिटर-८ वर राग वाजवले. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात उमेदवारी नव्हे, आयुष्य काढलेला हा वादक. ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगानं डोळे चोळले. ‘अ‍ॅसिड हाउसचा जनक मुंबईचा’ अशा बातम्या झाल्या. मला तो मथळा फसवा वाटतो, कारण सिंग यांनी शिकागोची वाट काढलीच नव्हती. त्यांना जे हवं होतं ते आपल्या परंपरेतलं होतं: न थकणारा ठेका आणि त्यावर मोकळा हात. एकच मशीन, दोन ग्राहक, दोन वेगळी वाचनं. कारखान्याला त्यातलं एकही सुचलं नव्हतं.

आज या इतिहासाचीच जाहिरात झाली आहे. बेहरिंगरनं २०१९ मध्ये ३०३ ची स्वस्त नक्कल काढली, टीडी-३. मूळ यंत्र आता जुन्या बाजारात हजारो डॉलरला जातं, त्यामुळे ही नक्कल आली हे बरंच झालं, असं माझं मत आहे. पण वचन कसं बदललं ते पाहा. तेव्हा सांगत होते, हे घे, तुला बास गिटारवाला मिळेल. आता सांगतात, हे घे, तुला शिकागो मिळेल. डेमोत तीच ओळ, तोच पिळलेला फिल्टर. ज्या मशीनची सगळी कीर्ती वचन न पाळण्यातून आली, ते आता वचन तंतोतंत पाळतं म्हणून विकलं जातं. घेणाऱ्यानं पुढे काय करावं, याला त्या डेमोत जागाच उरत नाही.

मग ग्राहकाच्या बाजूनं विचार करणारी समीक्षा असते तरी कशी? ती आपल्या गल्लीतच आहे, आपण तिला समीक्षा म्हणत नाही एवढंच. रोलँडनं १९८५ मध्ये ‘ऑक्टापॅड’ काढला. महाराष्ट्रात तो ‘ऑक्टोपॅड’ झाला आणि कुठल्याही कंपनीच्या आठ पॅडच्या वाद्याचं ते नाव बनलं. ऑर्केस्ट्रा, वरात, बँजो पार्टी, गणपतीची मिरवणूक, सगळीकडे तो आहे. आपल्याकडे ‘इलेक्ट्रॉनिक म्युझिक’ म्हटलं की शहरी पोरांना बर्लिन आठवतं. पण इथे सर्वांत जास्त माणसं ज्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावर नाचली असतील, ते वाद्य हे. त्याचा वादक आपल्या लेखी ‘प्रोड्यूसर’ नाही, ‘ऑक्टोपॅडवाला’ आहे. या शब्दांमधलं अंतर जातीचं, वर्गाचं आणि इंग्रजीचं आहे, यंत्राचं नाही.

हे वादक यंत्र कसं घेतात, ते मी काहींना विचारलं. कुणी डेमोचं नाव काढलं नाही. प्रश्न होते ते असे: जनरेटरवर चालतो का? मिरवणुकीत गुलाल आणि धूळ गेली तर? सलग आठ तास काठी खाऊन पॅड बसतो का? जवळ दुरुस्त कोण करतो, आणि तो रविवारी फोन उचलतो का? दोन वर्षांनी विकला तर किती येतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, यात ढोलकी कुणी बसवली आहे? एसपीडी-२० या खूप चाललेल्या मॉडेलमध्ये बाहेरून आवाज भरता येत नाही. आहेत त्याच आवाजांची पट्टी, लांबी, एकावर एक थर बदलत वादक त्यातून आपली ढोलकी, हलगी, संबळ घडवतात. असा जमलेला पॅच हातोहात जातो, विकलाही जातो. शिकागोवाल्यांनी ३०३ चं जे केलं त्याच जातकुळीचं हे काम आहे. फक्त त्यावर अजून कुणी माहितीपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.

त्यांच्या प्रश्नांत मशीन कधीच एकटं नसतं. त्याच्यासोबत रस्ता असतो, वीज असते, दुरुस्तीवाला असतो, पुढचा गिऱ्हाईक असतो. आमच्यासारखे घरी बसून बीट बनवणारे यापेक्षा जास्त शिकलेले, पण खरेदीच्या वेळी विचारतो काय? ‘आवाज वॉर्म आहे का?’

म्हणून मला वाटतं, मराठीत यंत्रांवर लिहायचं असेल तर पहिल्या आठवड्याची नक्कल करायची गरज नाही. ते काम इंग्रजीत भरपूर आणि चांगलं होतं. आपण दुसऱ्या महिन्यापासून सुरुवात करावी. एकूण किती पैसे गेले, अडॅप्टर आणि ड्युटीसकट. किती गाणी पूर्ण झाली. काय बिघडलं, ते कुणी आणि किती रुपयांत दुरुस्त केलं. मॅन्युअलमध्ये नसलेलं असं काय सापडलं. विकलं असेल तर का, आणि ‘वेळ मिळत नाही’ हे उत्तर चालणार नाही. असं लिहिणाऱ्याला कंपनी मशीन फुकट पाठवणार नाही, ते मान्य.

तर तुम्ही गेल्या वर्षी घेतलेलं मशीन आत्ता कुठे आहे? टेबलावर असेल तर त्यातून काय निघालं ते लिहा. कपाटावर खोक्यात असेल तर तेही लिहा, आणि शेवटचं कधी चालू केलं होतं ती तारीख घाला.