रकान्यांत मावलेल्या भाषा

अरुण जाखडे यांनी संपादित केलेला ‘भारतीय भाषांचे लोकसर्वेक्षण : महाराष्ट्र’ हा खंड त्यांच्याच पुण्यातल्या पद्मगंधा प्रकाशनाने २०१३ मध्ये काढला. ग्रंथालयात तो संदर्भाच्या कपाटात जातो आणि तिथेच राहतो. खरं तर तो ललित पुस्तकासारखा, मधूनच कुठेही उघडून वाचावा.

या देशव्यापी सर्वेक्षणाचे प्रमुख गणेश देवी मूळचे भोरचे. २०१० मध्ये बडोद्याहून सुरू झालेल्या या कामाची भिस्त त्या त्या भाषेत वाढलेल्या माणसांवर होती. साचा सगळ्यांना एकच: थोडा इतिहास, प्रदेश, अनुवादासह गाणी-गोष्टी, मग नात्यांचे, रंगांचे, काळाचे आणि जागेचे शब्द. साचा म्हटला की रूक्षपणा आलाच. इथे मात्र साच्यामुळेच रस वाढतो. रकाने तेच, म्हणून फरक डोळ्यांत भरतात. कोणत्या समाजाला कोणत्या नात्यासाठी वेगळा शब्द लागला, हे प्रस्तावनेपेक्षा यादी अधिक नेमकं सांगते.

गाणी मोठ्याने वाचून पाहावीत. लिपी ओळखीची, त्यामुळे ओठ चालतात, अर्थ मात्र हाती लागत नाही. लहानपणी स्तोत्रं अशीच पाठ झाली होती: नाद आधी, अर्थ मागून. खाली मराठी अनुवाद वाचला की मघाचा नाद थोडा फिका पडतो. अनुवादकांचा हा दोष नव्हे. मूळ शेजारीच छापल्यामुळे ही घट लपत नाही, आणि हा खंडाचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

अशा नोंदींची गरज जनगणना पाहिली की कळते. १९७१ पासून तिने दहा हजारांपेक्षा कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखवणं थांबवलं. अशांपैकी बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली घ्या. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. कोरकू शब्दांचा तिच्यात भरणा, दोन ते चार हे आकडे द्राविडी वळणाचे, आणि हे सगळं बाजूला काढल्यावर उरणारा गाभा जगातल्या कोणत्याच भाषाकुळात बसत नाही. डेक्कन कॉलेजचे के. एस. नागराज यांनी तिचं व्याकरण, संहिता आणि शब्दसंग्रह लिहिला. तो २०१४ मध्ये म्हैसूरहून प्रसिद्ध झाला.

भाषा अशी कागदावर उतरण्याची किंमत काय असते, हे अमेरिकेतल्या वाम्पानोआग या मूळनिवासी लोकांकडे पाहिलं की कळतं. जॉन एलियट या मिशनऱ्याने १६६३ मध्ये त्यांच्या भाषेत अख्खं बायबल छापलं. हेतू धर्मांतराचा. पण लिहायला शिकलेल्या लोकांनी जमिनीची खतं, मृत्युपत्रं, तक्रारअर्ज स्वतःच्या भाषेत लिहिले. पुढे बोलणारं कुणी उरलं नाही. शंभराहून अधिक वर्षांनी, १९९३ मध्ये जेसी लिटल डो बेअर्ड यांनी भाषा परत आणण्याचं काम सुरू केलं ते याच कागदांच्या आधारावर. त्यांची मुलगी जन्मापासून ही भाषा ऐकत वाढली.

ही हकिकत मनात ठेवून आपला खंड पुन्हा चाळला की त्याच्या साच्यातली उणीव दिसते. गाण्याला जागा आहे, गोष्टीला आहे. तक्रारअर्जाला, वाटणीच्या भांडणाला, उधारीला रकाना नाही. भाषा वापरात कशी असते ते अशाच मजकुरात कळतं. गाण्यात माणूस जरा नटूनच उभा राहतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. या खंडात भटक्या-विमुक्तांच्याही भाषा आहेत. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी यांतल्या अनेकांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. भटक्या-विमुक्तांपैकी काहींनी पारुशीसारखी बोली परक्याला, विशेषतः पोलिसाला कळू नये म्हणूनच जपली. वाम्पानोआगांचे भाषावर्ग आजही त्यांच्या जमातीपुरतेच आहेत. आपल्याकडे असे शब्द छापील पुस्तकात कुणालाही वाचता येतात. लपवणं ही ज्या शब्दांची गरज होती, त्यांना अनुवादासह छापण्याचा निर्णय कुणाचा असावा? माझ्या मते शेवटचा शब्द समाजाचाच हवा.

जाखडे २०२२ मध्ये गेले. एका प्रकाशकाने स्वतः संपादक होऊन उचललेलं हे ओझं विद्यापीठांनी उचलायला हवं होतं. खंडाची नवी आवृत्ती कुणी काढलीच, तर गाण्यांच्या शेजारी भांडणांनाही चार पानं द्यावीत, आणि काय छापायचं नाही ते आधी बोलणाऱ्यांना विचारावं.