विधानपत्रातून गळालेले शब्द

दलित विद्यार्थ्यांच्या कवितांची, आत्मकथनांची समीक्षा आपण पुष्कळ केली. त्यांच्या संघटनांच्या विधानपत्रांची मात्र कोणी केली नाही. तो कचेरीचा कागद, त्यात काय वाचायचे, असे आपण धरून चालतो. परंतु सात माणसे एकत्र येऊन आपण कशासाठी आहोत हे लिहितात व खाली सह्या करतात, तेव्हा तो मजकूर जाहीरनाम्याइतकाच कसून वाचला पाहिजे. संस्था नोंदवू पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांचे असे चार-पाच मसुदे गेल्या काही वर्षांत माझ्यापुढे आले. घरातला मी पहिला पदवीधर. कचेरीच्या भाषेचे भय मला ठाऊक आहे. त्यामुळे या मसुद्यांना मी हसू शकत नाही. पण ते वाचून अस्वस्थ झालो, हे सांगितलेच पाहिजे.

उद्देश सगळीकडे तेच. वृक्षारोपण, रक्तदान, गुणवंतांचा सत्कार, महापुरुषांच्या जयंत्या. शिष्यवृत्ती अडली तर काय करणार, वसतिगृहातल्या जेवणाबद्दल कोणाला जाब विचारणार, वर्गात जातीवरून अपमान झाला तर कोणाच्या पाठीशी उभे राहणार, याबद्दल एक अक्षर नाही. ज्या कारणासाठी पोरांनी संघटना काढली ते कारणच कागदावरून नाहीसे! विचारले तर उत्तर मिळाले, "सर, कचेरीबाहेरच्या माणसाने तयार नमुना दिला. अन्याय, संघर्ष असले शब्द घातले तर हरकत निघते म्हणाला."

ही हरकत कायद्याची की त्या माणसाची, हे तपासू या. १८६० चा संस्था नोंदणी कायदा इंग्रजी अमलातला. त्याच्या कलम २० मध्ये साहित्य, कला, शिक्षण, वाचनालये यांच्या ओळीतच 'राजकीय शिक्षणाचा प्रसार' हा हेतू स्पष्ट शब्दांत आहे. महाराष्ट्रात अशा संस्थेची १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद करावी लागते. तेथे हेतू धर्मादाय लागतो: गरिबी व संकटांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय मदत, लोकोपयोगी अन्य कार्य. एखाद्या पक्षाचा प्रचार त्यात बसणार नाही, हे मान्य. पण विद्यार्थ्याला त्याचे घटनात्मक हक्क शिकवणे, त्याचे गाऱ्हाणे लिहून अधिकाऱ्यापुढे नेणे, हे शिक्षण नव्हे तर काय?

१९२४ साली बाबासाहेबांनी स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे उद्देश काढून पाहावेत. वसतिगृहे, वाचनालये, अभ्यासवर्ग, औद्योगिक व शेतकी शाळा. आणि त्याच यादीत बहिष्कृत वर्गाची गाऱ्हाणी मांडणे. सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड, म्हणजे प्रतिष्ठेत काही कमी नव्हते. त्या प्रतिष्ठेखाली गाऱ्हाणे झाकून ठेवलेले नाही. आमच्या पोरांनी शंभर वर्षांनी ते आपल्या हाताने खोडावे, याला काय म्हणावे?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, मग नोंदणी हवीच कशाला? १९७२ साली पँथर उभी राहिली ती रस्त्यावर, कचेरीत नव्हे. बरोबर आहे. संघटना करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ ने दिला आहे. तो नोंदणीवर अवलंबून नाही. पण संघटनेच्या नावाने बँकेत खाते, वर्गणीची पावती, हिशेबाची तपासणी, कोर्टात अध्यक्ष वा चिटणीसाच्या नावे दावा, या गोष्टींना कागद लागतो. महाविद्यालयाची मान्यता ही आणखी वेगळी बाब. मे २०१५ मध्ये मद्रासच्या आयआयटीने आंबेडकर पेरियार स्टडी सर्कलची मान्यता निनावी तक्रारीवरून काढून घेतली. देशभर निषेध झाल्यावर जूनमध्ये ती परत दिली. याउलट हिंदी साहित्य संमेलन ही नोंदलेली संस्था. तिचे सभासदत्व बदलणारा १९६२ चा संसदेचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली रद्द केला. नोंदणीने महाविद्यालयात सभेसाठी खोली मिळत नाही, पण संस्थेला स्वतःचे अस्तित्व मिळते.

मात्र हे अस्तित्व कोणाच्या हाती राहते ते नियमावली ठरवते, आणि खरी फसगत तेथेच आहे. स्वतंत्र विश्वस्त नसतील तर १८६० च्या कायद्याने मालमत्ता कार्यकारी मंडळाकडे असते. मंडळ बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. विद्यार्थी संघटनेत तर माणसे दरवर्षी बदलणार! अर्ज राहून गेला की रेकॉर्डवर जुनीच नावे. चिटणीस नोकरीला लागून परगावी, आणि वाचनालयाची पुस्तके व खात्यावरचे पैसे कोणाचे यावर दोन गट. आपल्या चळवळीत फुटीला निमित्त कमी लागते, हे मी वेगळे सांगायला नको. माझ्यापुढच्या एका मसुद्यात कार्यकारिणीची मुदत पाच वर्षे होती. नमुन्यातून उतरलेली. बी.ए. तीन वर्षांचे, आणि सह्या करणारे सातही जण शेवटच्या वर्षाला!

आम्ही बसून मुदत एक वर्षाची केली. बदल अर्ज भरण्याची जबाबदारी नव्या चिटणीसाच्या नावे लिहिली. उद्देशांत वृक्षारोपण राहू दिले. त्याच्यावर 'विद्यार्थ्यांची गाऱ्हाणी मांडणे' आणि 'राजकीय शिक्षणाचा प्रसार' ही दोन कलमे घातली. अर्ज कचेरीत दाखल आहे.